सुरक्षा बूट (वऱ्हाडातील शेती व ट्रॅक्टरकामासाठी)

पायाच्या बोटांवर पोलादाची, ॲल्युमिनियमची किंवा संमिश्र पदार्थाची टोपी बसवलेले, कामावर घालायचे बंद बूट. दुकानात ते ‘सेफ्टी शूज’ या नावाने मिळतात. अकोला-अमरावतीच्या औद्योगिक वसाहतींत ते कामगारांच्या पायात दिसतात, वावरात मात्र क्वचित. शेतात चप्पल, टायरच्या सोलची वहाण, प्लास्टिकची सँडल नाहीतर अनवाणी पाय हीच रीत, आणि पावसाळ्यात फार तर गमबूट. बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला. पायातली चप्पल तीच राहिली.

कायदाही धुऱ्यापाशी थांबतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ हलवणाऱ्या कामगाराला कारखान्यांसाठीचा सुरक्षा कायदा लागू होतो. तोच कापूस शेतातून ट्रॉलीत भरणारा सालदार त्या कायद्याच्या बाहेर असतो. शेतीतील सुरक्षा व आरोग्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००१ मध्ये १८४ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने तो स्वीकारलेला नाही. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मृत्यूसाठी २ लाख आणि एक डोळा किंवा एक हात-पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये देते, पण ती अपघात घडून गेल्यावरची मदत झाली. शेतात कोणते बूट घालावेत हे सांगायला कोणी निरीक्षक येत नाही. ज्याचा पाय त्यानेच ठरवायचे, म्हणून त्याला नेमकी माहिती हवी.

पायाला दुखापत कुठे होते ते आधी पाहिले पाहिजे. ट्रॅक्टरकामात सर्वांत धोक्याचा क्षण अवजार जोडण्याचा. एक जण सीटवर बसून हायड्रॉलिकचा दांडा वर-खाली करतो, दुसरा मागे उभा राहून लिंकचे भोक आणि अवजाराची पिन जुळवतो. दोन बोटांचे अंतर उरते. मागचा माणूस हाताने जोर लावून पाहतो, मग सवयीने पायाने कल्टिव्हेटर सरकवतो, आणि त्याच वेळी दांडा खाली जातो. ट्रॉलीचा हूक लावताना, फाळका उघडताना, पोती उतरवताना, पंक्चर झालेले चाक काढताना मार नेमका बोटांवर बसतो. बैल अजून ज्यांच्या गोठ्यात आहेत त्यांना खुराखाली पाय येणे काय असते ते वेगळे सांगायला नको. मार खालूनही येतो. पऱ्हाटी उपटल्यावर किंवा तूर कापल्यावर जमिनीत राहिलेली तिरपी धसकटे खिळ्यासारखी टोकदार असतात आणि रबरी स्लिपरमधून सहज आरपार जातात. म्हणून वऱ्हाडातील शेतकऱ्याने टोपीइतकेच लक्ष तळाकडे द्यावे.

भारतीय मानक आयएस १५२९८ हे आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकांवर बेतलेले आहे. त्याच्या दुसऱ्या भागातील सुरक्षा बुटाच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसला पाहिजे. तिसऱ्या भागातील संरक्षक बुटाला १०० ज्यूल व १० किलोन्यूटन पुरतात, चौथ्या भागातील व्यावसायिक बुटाला टोपीची अटच नसते. २०० ज्यूल म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडणे. मार बसल्यावरही टोपीखाली बोटांना जागा उरली पाहिजे. मधल्या मापांच्या बुटात ती १४ मिलिमीटरच्या आसपास ठरवून दिली आहे. अमेरिकेतील मानकात आघाताची पातळी ७५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १०२ ज्यूल आहे. तिकडून कोणी पाठवलेले बूट दिसायला दणकट असले तरी त्यांच्यावरचा शिक्का आपल्या दुसऱ्या भागाच्या बरोबरीचा नसतो.

हे आकडे शेतावर आणून पाहिले की मर्यादाही कळते. २५० किलोचे अवजार ८ सेंटीमीटर सुटून पडले तरी २०० ज्यूल भरतात. ट्रॅक्टरचे मागचे चाक किंवा भरलेली ट्रॉली पायावरून गेली तर टोपीपाठीमागचा पायाचा उंचवटा उघडाच असतो. वजन फार झाले तर टोपीच वाकून बोटे कापते, त्यापेक्षा साधा बूट बरा, असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज सोडून द्यावा. ज्या वजनाने टोपी वाकते त्या वजनाखाली उघडी बोटे राहिलीच नसती.

बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या बाजूला एस१, एस२, एस३ अशी अक्षरे असतात. एस१ मध्ये बंद टाच आणि टाचेला धक्का शोषणारा तळ असतो. एस२ मध्ये वरचा भाग काही काळ पाणी आत येऊ देत नाही. एस३ मध्ये त्यावर आणखी तळात न भेदला जाणारा पत्रा किंवा कापडी थर आणि नक्षीचा तळ असतो. हा थर ११०० न्यूटनच्या जोरापर्यंत खिळा रोखतो. पूर्ण रबराच्या किंवा पीव्हीसीच्या बुटांसाठी एस४ आणि एस५ आहेत. खिळ्यापासून बचाव त्यांतील एस५ मध्ये असतो. धसकटांच्या वावरात चालायचे तर चामड्यात एस३ आणि रबरात एस५ यांखाली उतरू नये. पैसे कमी पडत असतील तर इतर सोयी सोडाव्यात, तळातला थर सोडू नये. आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो. दुकानात उभे राहूनच तपासावा.

मानके कारखान्याची सपाट, कोरडी फरशी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. वऱ्हाडात बुटाची परीक्षा काळी माती, ऊन आणि उकिडवे बसणे ही तिघे घेतात.

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि कमालीची चिकट होते. खारपाणपट्ट्यात निचरा मुळातच कमी, त्यामुळे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पांदण पाय ओढून घेते. खोल आणि दाट नक्षीचा तळ दुकानात पकडदार वाटतो, पण या मातीत त्याच्या खाचा पहिल्या वीस पावलांत बुजतात. मग तळ गुळगुळीत होतो आणि प्रत्येक पायाला चिखलाची ढेप चढते. खाचा रुंद, एकमेकींपासून लांब आणि बाहेरच्या बाजूला उघड्या असतील तर चालता चालता माती गळून पडते. चढलेल्या चिखलाचा खरा धोका ट्रॅक्टरच्या लोखंडी पायरीवर आणि क्लचवर असतो. गिअर टाकलेला असताना चिखलाचा तळ क्लचवरून निसटला तर ट्रॅक्टर झटक्याने पुढे उडी घेतो, आणि मागे लिंकपाशी माणूस उभा असू शकतो. पायरीपाशी एक खुरपे टांगून ठेवावे आणि तळ खरवडूनच वर चढावे.

पेडलसाठी बुटाची पुढची बाजू बेताची हवी. २०० ज्यूल पेलण्यासाठी संमिश्र टोपी पोलादापेक्षा जाड करावी लागते, त्यामुळे काही बुटांची नाके एवढी फुगीर असतात की ब्रेकवरून पाय काढताना शेजारच्या पेडलला अडकतात. जाड, ताठ तळातून क्लच किती दबला तेही समजत नाही. दुकानातून बूट घेऊन आधी आपल्या ट्रॅक्टरवर बसून पाहता येतील असे दुकानदाराशी बोलून ठेवावे. टाचेला स्पष्ट पायरी असलेला तळ ट्रॅक्टरच्या पायरीवर अडतो, तो सपाट तळापेक्षा बरा. लेस लांब नको. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. सुटलेली लेस त्यात गुंतली तर माणसाला हालचालीला वेळ मिळत नाही. लेस घोट्याभोवती गुंडाळू नये, आत खोचावी, किंवा बाजूला इलॅस्टिक असलेले बूट घ्यावेत.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि ट्रॅक्टरची नांगरटी ऐन त्याच दिवसांत चालते. वरून ऊन, पायाशी इंजिन आणि गिअरबॉक्सची धग. अशा वेळी घोट्यापर्यंतचे जाड अस्तराचे बूट दुपारपर्यंत पायात राहत नाहीत, आणि पायात न राहिलेल्या बुटाचा काही उपयोग नाही. नांगरटीसाठी कमी उंचीचे, हलके, संमिश्र टोपीचे, आतून जाळीचे अस्तर असलेले बूट घ्यावेत. पायातले ओझे पाठीवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा माणसाला कितीतरी पट जास्त थकवते, म्हणून जोडामागे दोन-तीनशे ग्रॅम वाचले तरी संध्याकाळी फरक जाणवतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकर किंवा मिश्र धाग्याचे मोजे घ्यावेत आणि दुपारी जेवणाला बसताना बदलावेत.

आता बसण्याची गोष्ट. कारखान्यातला कामगार उभा राहून काम करतो. वऱ्हाडातला शेतकरी मात्र तिफनीची नळी साफ करायला, ड्रिपची नळी जोडायला, रोटाव्हेटरची पाती बदलायला दिवसातून अनेकदा उकिडवा बसतो. तसे बसले की बूट बोटांच्या मुळाशी दुमडतो आणि टोपीची मागची कड तिथेच रुतते. अर्ध्या दिवसात कातडे सोलवटते, आठवड्यात बूट खाटेखाली जातात. शेतात सेफ्टी बूट टिकत नाहीत याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते, वजन किंवा किंमत त्यानंतर. म्हणून नवीन बूट घालून दुकानात चार पावले चालण्याने काही कळत नाही. दोन्ही बूट घालून पाच मिनिटे उकिडवे बसावे, एक गुडघा टेकवून पाहावे. कड टोचत असेल तर एक माप मोठे मागू नये, वेगळ्या साच्याचा बूट मागावा, कारण मोठ्या मापात टाच निसटते आणि कड जागच्या जागी राहते. कडेवर मऊ पट्टी शिवलेली आहे का, ते आत हात घालून बघावे.

आयुष्यभर चपलेत वावरलेल्या पायाची बोटे पसरलेली असतात, पंजा रुंद असतो. शहरी साच्याचा बूट लांबीला बसतो आणि करंगळीला चेपतो. चामडे वापराने सैल होईल, पण टोपी कधीच होत नाही. संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय सुजलेले असताना, कामाचेच मोजे घालून बूट घ्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी, तसेच कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या पण तळव्याची संवेदना गेलेल्यांनी डॉक्टरला दाखवल्याशिवाय ताठ बूट घालूच नयेत. कड रुतली तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

बायकांसाठी बाजार अगदीच तोकडा आहे. कापूस वेचणी आणि निंदणाची कामे मुख्यतः त्याच करतात, धसकटांत त्याच चालतात, पण सेफ्टी बुटांचे साचे बहुतेक पुरुषांच्या पायाचे असतात आणि लहान मापे शोधावी लागतात. वेचणीला पोलादी टोपीची गरज नाही. त्यांच्यासाठी तळात भेदरोधक थर असलेले, टोपी नसलेले हलके बंद बूट पुरेसे आहेत. गावातल्या दहा-बारा जणींनी मिळून मापे दिली तर दुकानदार ते मागवून देतो.

फवारणीला चामड्याचा बूट चालत नाही, कितीही चांगला असला तरी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा अंगावर आणि पायांवर उडणाऱ्या औषधाकडे सर्वांचे लक्ष गेले. चामडे औषध शोषून घेते, ते धुऊन निघत नाही आणि पुढे रोज थोडे थोडे कातडीला लागत राहते. फवारणीला गुडघ्यापर्यंतचे रबराचे किंवा पीव्हीसीचे बूट घालावेत आणि पँट बुटाच्या बाहेर सोडावी, म्हणजे ओघळ आत उतरत नाही. काम संपल्यावर बूट पायात असतानाच बाहेरून धुवावेत, मग काढावेत. हेच गमबूट चिखलातही उपयोगी, पण ढगळ असतील तर माती बूट धरून ठेवते आणि नुसता पाय वर येतो. दिवसभर घातले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जावे लागते, कारण शेतीपंपाची थ्री-फेज वीज आळीपाळीने रात्रीही येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या विषारी सापांचा वावरात चालताना होणारा दंश बहुधा घोट्याच्या आसपास होतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. उंच, जाड रबरी बूट आणि हातात बॅटरी यांनी धोका पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. मोटारीच्या पेटीपाशी मात्र बुटावर भरवसा ठेवू नये. एस१ ते एस३ बूट स्थिर वीज वाहून नेण्यासाठी असतात, विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी नाहीत, आणि ओले झाल्यावर तर मुळीच नाहीत.

एका शेतकऱ्याला वर्षभरासाठी दोन जोड लागतात असा हिशेब धरावा: ट्रॅक्टर आणि कोरड्या कामासाठी एस३ चामड्याचा, चिखल-फवारणी-रात्रीच्या ओलितासाठी एस५ रबराचा. दोन्ही गुण एकाच बुटात शोधणारा शेवटी दोन्हींना मुकतो.

भिजलेले चामडे चुलीजवळ किंवा टळटळीत उन्हात वाळवले की तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावे. चामड्याला जवसाचे तेल लावू नये, ते वाळून कडक होते. बूट-पॉलिश किंवा चामड्याचे मेण लावावे. सकाळी बूट उलटे करून झाडल्याशिवाय पाय घालू नये, विंचू आत बसतो. पीयूचा हलका सोल दमट हवेत न वापरताही काही वर्षांत आतून सडतो आणि मग चालता चालता भुगा होऊन पडतो, म्हणून चांगला जोड माळ्यावर जपून ठेवण्यात अर्थ नाही. खरेदी करतानाच बनावटीचे वर्ष पाहावे. टोपीवर एकदा जोराचा मार बसला की बाहेरून काही दिसत नसले तरी जोड बदलावा. संमिश्र टोपीला आतून गेलेला तडा वरच्या चामड्याखाली झाकलेला राहतो.