झाडाची साक्ष

श्रोतेहो, १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार आपली बाजू सोडून रस्त्याच्या उजव्या कडेला गेली आणि तेथील झाडावर आदळली. आघात एवढा जबर होता, की झाड उखडले आणि मोटारीचे इंजिन जागचे सुटून फूटभर मागे सरकले. मोटार एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची होती व ती कंपनीचा व्यवस्थापकच चालवीत होता. आत बसलेले एक गृहस्थ या अपघातात दगावले. त्यांच्या पत्नीने भरपाईसाठी न्यायाची पायरी चढली, आणि ती चढण सोळा वर्षांची ठरली.

या दाव्याचे मर्म समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याच्या वारसांना भरपाई मागता यावी, ही तरतूद आपल्याकडे १८५५ च्या कायद्याने झाली. पुढे रस्त्यावर मोटारी आल्या. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि १९४६ पासून इतरांना होणाऱ्या इजेबद्दलचा विमा प्रत्येक मोटारमालकावर बंधनकारक झाला. तरीही भरपाईसाठी दिवाणी दाव्याचाच लांबचा मार्ग उरला होता. म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. मात्र अर्जाची मुदत होती अवघी ६० दिवसांची, आणि चालकाची चूक सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच होता.

घरी बसलेल्या विधवेने, मोटार कशी भरकटली, हे कोठून सांगावे? न्यायाधिकरणाने तिला भरपाई दिली. परंतु जबलपूरच्या उच्च न्यायालयाने कंपनीवर जबाबदारी येत नाही असा निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मार्च १९७७ रोजी त्या न्यायालयाने सांगितले, की जेथे घडलेली गोष्टच चुकीची साक्ष देते, तेथे अपघात आपल्या हलगर्जीने झाला नाही, हे दुसऱ्या पक्षाने दाखवावे. व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता, म्हणून कंपनीही जबाबदार ठरली. जे कोणा माणसाला सांगता आले नाही, ते उखडलेल्या झाडाने सांगितले. पण झाडाला बोलता येते ते कोणीतरी वेळीच मोजमाप करून लिहून ठेवले असेल तरच.

हीच या इतिहासाची शिकवण आहे. आज जबलपूरच्या विजय नगरातला एखादा रहिवासी याच नागपूरच्या वाटेवर जखमी झाला, तर कायदा त्याच्या पाठीशी कितीतरी अधिक उभा आहे. प्रथम इस्पितळ. पोलिसांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरविले. २०२५ च्या योजनेप्रमाणे नेमलेल्या इस्पितळांत पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. जखमीला पोचविणाऱ्या परोपकारी माणसाला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा वाटसरूने भिऊन पुढे निघून जाऊ नये.

त्यानंतर पुरावा. पोलिसांत खबर द्यावी व तिची प्रत मागून घ्यावी. वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, विमा कंपनीचे नाव टिपावे. वाहने हलविण्यापूर्वी जागेची छायाचित्रे घ्यावीत. इस्पितळाचे कागद, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला, कायमचे अपंगत्व आल्यास त्याचे प्रमाणपत्र, यांतला एकही चिठोरा फेकू नये. तडजोडीच्या घाईत कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.

शेवटी दावा. तो अपघाताच्या ठिकाणीच नेला पाहिजे असे नाही. १९९४ च्या दुरुस्तीमुळे जखमीला आपल्या राहत्या गावच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. मुदतीचा इतिहास मात्र वळणावळणाचा आहे. ६० दिवसांची मुदत १९६९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची झाली, १९९४ मध्ये ती उठली आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांवर आली. तिच्याविषयीचा वाद न्यायालयात गेला आहे. तथापि जखमीने त्या वादावर विसंबू नये. कोणाची चूक, हा प्रश्न न काढता मिळणारी भरपाई १९८२ मध्ये प्रथम आली. त्या वेळी मृत्यूबद्दल १५ हजार रुपये मिळत. २०२२ पासून मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये अशी तरतूद आहे. वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळण्याची सोय आहे.

श्रोतेहो, कायद्याची ही वाट एकेका दुःखी कुटुंबाच्या चिकाटीने रुंद झाली आहे. पांढुर्ण्याच्या दाव्यातील त्या बाईंनी सोळा वर्षे वाट पाहिली. पुढच्या जखमीला तेवढी वाट पाहावी लागू नये, असे वाटत असेल, तर अपघाताच्या पहिल्याच दिवशी एक कागद आणि पेन्सिल हाती घ्यावी.