वेताळ गुहेत राहायला गेला

वेताळ मूळचा स्मशानातला. संस्कृत कथांत तो प्रेतात शिरतो आणि प्रेत बोलायला लागतं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्याच्या गोष्टी गुंफल्या. त्याच पुढे मराठीत 'वेताळपंचविशी' होऊन घरोघर पोचल्या. झाडाला लटकणारा आणि राजाच्या खांद्यावरून कोडी घालणारा हा वेताळ एके दिवशी तोंडाला मुखवटा बांधून, कमरेला दोन पिस्तुलं लावून पांढऱ्या घोड्यावर बसला आणि मराठी पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. हे कसं झालं, त्याची ही कुळकथा.

घोड्यावरच्या गड्याचा जन्म अमेरिकेतला. ली फाल्क हा तरुण लेखक 1934 पासून वर्तमानपत्रात 'मँड्रेक' जादूगाराची चित्रपट्टी चालवत होता. दुसरी चित्रपट्टी त्याने 17 फेब्रुवारी 1936 रोजी सुरू केली, ती 'फँटम'. पहिल्या दोन आठवड्यांची नमुनाचित्रं त्याने स्वतःच काढली होती. सुरुवातीला बेत असा होता, की जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण रात्री मुखवटा चढवून फिरतो. गोष्ट चालू असतानाच फाल्कने तो बेत बदलला. नायकाला त्याने शहरातून उचलून जंगलात नेलं आणि त्याच्या मागे चारशे वर्षांचा वंश उभा केला.

तो वंश असा. 1536 मध्ये चाचे एका जहाजावर हल्ला करतात. एकटा तरुण वाचून किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो. त्याच्यानंतर मुलगा, मग नातू, असं करत आपल्या ओळखीचा नायक एकविसावा. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवून कवटीच्या आकाराच्या त्याच गुहेत राहतो. बाहेरच्यांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. म्हणून त्याचं नाव पडलं 'चालतं भूत'.

म्हणजे भूत कुठेच नाही, आहे तो वारसाहक्क. पण संस्कृतातला वेताळ परक्या देहात शिरतो आणि इथे मुलगा बापाच्या पोशाखात शिरतो. कुडी तीच राहते, आत राहणारा बदलतो. हे साम्य फाल्कच्या मनात असण्याचं कारण नाही. तरी ते आहे.

चाहत्यांचा खरा वाद मात्र कथेवर होत नाही, चित्रकारावर होतो. पहिला चित्रकार रे मूर. 'मँड्रेक'च्या चित्रकाराच्या हाताखाली तो तयार झाला होता. त्याच्या चित्रांत शाई सढळ असते, सावल्या दाट असतात आणि नायक अंधारातून अर्धाच बाहेर आलेला दिसतो. जुने जाणकार त्याच्या नावाने शपथ घेतात. मुखवट्याच्या भोकांत बुबुळं न दाखवण्याची चालही तेव्हापासूनची. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून ती सुचली, असं फाल्क सांगत असे.

दुसऱ्या महायुद्धात मूर सैन्यात गेला आणि काम त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉय याच्याकडे आलं. त्याची रेघ साधी, माणसं थोडी ताठ, पार्श्वभूमी मोकळी. चित्रकलेचे दर्दी नाक मुरडतात. पण गोष्ट झरझर पुढे नेण्यात मॅकॉय पक्का होता, आणि ज्यांनी लहानपणी त्यालाच वाचलं त्यांना त्याचाच फँटम खरा वाटतो. 1961 मध्ये तो वारला. त्यानंतर लवकरच साय बॅरी आला आणि 1994 पर्यंत राहिला. पिळदार शरीरं, रेखीव चेहरे, पानापानाला झाडी. भारतात जी पिढी या नायकावर वाढली, तिच्या डोळ्यांसमोर येतो तो बहुतेक बॅरीचाच.

रंगाचीही गंमत आहे. फाल्कच्या मनात पोशाख करडा होता. 1939 मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिथे तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, स्कँडिनेव्हियात निळा. फाल्क तीन दशकांनंतरही लिहीतच होता, पण रंगावर त्याचा हक्क कधीच उरला नव्हता.

भारतात फँटम 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवरून आधीच ओळखीचा झाला होता. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं, आणि पहिले 32 अंक फक्त त्याचेच होते. पुढे 'अमर चित्रकथा' उभी करणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते. मुखपृष्ठं मात्र परदेशी नव्हती. त्यांतली कितीतरी गोविंद ब्रह्मानिया यांनी रंगवली. 1976 मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' चित्रांत उभा केला तोही त्यांनीच.

इथे आणताना नावांवर कात्री चालली. मूळ कथेतले चाचे 'सिंग' होते. ते भारतात चालण्यासारखं नव्हतं, म्हणून 'सिंगा' झाले. फँटमचा देश 'बेंगाली' होता. तो 'डेंकाली' झाला. आणि नायकाचं काय करायचं? जगभरच्या अनुवादकांनी हा प्रश्न मुखवट्याकडे बघून सोडवला होता. इटालियनमध्ये तो 'मुखवट्याचा माणूस', तुर्कीत 'लाल मुखवटा', फिनिशमध्ये 'काळा मुखवटा'. बंगालीने जंगलाकडे पाहिलं आणि त्याला 'अरण्यदेव' केलं. हिंदीत तो 'वेताल' आणि मराठीत 'वेताळ' झाला. या दोन भाषांनी त्याच्या तोंडाकडे वा घराकडे न बघता त्याच्या जातीकडे पाहिलं.

मराठीत हा शब्द हिंदीपेक्षा जड आहे. इथे वेताळ केवळ गोष्टीतला नाही. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. अमावास्येला मशाली पेटवून त्याची पालखी निघते, असं खेडोपाडी सांगत. आणि तळकोकण-गोव्यात तर तो भूत म्हणून भिववत नाही, ग्रामदेवता म्हणून गाव राखतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत त्याला आदराने 'वेतोबा' म्हणतात. लोक त्याला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून वहाणा झिजतात.

चालतं भूत, मरण नाही, रात्री फेरी, दुष्टांना धाक आणि आपल्या माणसांना आधार. फाल्कने सेंट लुईसमध्ये जन्मून जो नायक रचला, त्याचा सगळा तपशील आरवलीत आधीच होता. 'इंद्रजाल'च्याच काळात 'चांदोबा' मासिकात दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ येत होता; के. सी. शिवशंकरन यांनी काढलेलं ते चित्र पिढ्यांना पाठ आहे. एकाच घरात दोन वेताळ नांदत होते आणि कुणाचा गोंधळ होत नव्हता.

आज 'इंद्रजाल'चे ते अंक उघडले तर खटकतंही. जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्याच घराण्याने करायचं, ही कल्पना तिच्या काळाची आहे आणि जुन्या प्रेमापोटी तिच्यावर पांघरूण घालू नये. पण 'वेताळ' हे नाव त्या चौकटीत मावत नाही. गोऱ्या नायकाला आपल्या गावच्या राखणदाराच्या नावाने हाक मारताना मराठीने त्याला थोडं आपलंसं केलं, थोडं कोकणातही आणलं.

'इंद्रजाल' 1990 मध्ये बंद पडलं, तोवर आठशेहून जास्त अंक निघाले होते. फाल्क 1999 मध्ये गेला. आरवलीला वहाणा अजून वाहिल्या जातात.