ऊसतोड मजुरांच्या मुलांवर संशोधन करताय? आधी ‘एरिक’ उघडा

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी विषय घेतलेले आपले अनेक विद्यार्थी एकाच वाक्यापाशी अडतात, ‘या विषयावर संदर्भच मिळत नाहीत.’ बऱ्याचदा संदर्भ असतात, पण आपण शोधायला टाकलेला शब्द चुकलेला असतो.

शिक्षणविषयक संशोधनाचा ‘एरिक’ हा डेटाबेस अमेरिकेचा शिक्षण विभाग चालवतो. तो मोफत आहे. लॉगिन लागत नाही, विद्यापीठाचे सदस्यत्वही लागत नाही. ईआरआयसी डॉट ईडी डॉट जीओव्ही हा पत्ता मोबाइलवरही उघडतो. शोधशब्द मात्र इंग्रजीतच टाकावे लागतात.

समजा, बीडहून कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांची शाळेतून होणारी गळती हा तुमचा विषय आहे. थेट ‘शुगरकेन कटर्स’ टाकले तर हाती फार काही लागणार नाही. एरिकमधील प्रत्येक नोंदीला ठरावीक विषयशब्द लावलेले असतात, त्यांना डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यांची यादी ‘थिसॉरस’ या टॅबमध्ये आहे. तिथे ‘मायग्रंट चिल्ड्रन’, ‘सीझनल लेबरर्स’, ‘ड्रॉपआउट्स’ हे शब्द सापडतील. हे शब्द टाकून पाहा. अमेरिकेत शेतमजुरांच्या स्थलांतरित मुलांसाठी 1966 पासून सरकारी शिक्षण कार्यक्रम आहे आणि त्यावरचे कितीतरी अहवाल इथे आहेत. हंगामात शाळा बदलली की मुलाची नोंद कोण ठेवणार, मागे राहिलेला अभ्यास कसा भरून काढणार, हे प्रश्न तिथेही तेच आहेत. तुलनात्मक प्रकरणासाठी एवढा ऐवज पुष्कळ झाला.

गळती न होता टिकून राहण्यासाठी एरिकचा शब्द आहे ‘स्कूल होल्डिंग पॉवर’. हा आपल्याला स्वतःहून कधी सुचला असता? म्हणूनच एक उपयुक्त लेख सापडला की त्याचे डिस्क्रिप्टर वहीत उतरवून घ्या आणि त्यांवरून पुढचा शोध घ्या.

भारतावरचे अभ्यास हवे असतील तर ‘लोकेशन’मध्ये इंडिया निवडा. आपण तिथे ‘फॉरेन कंट्रीज’ या खात्यात मोडतो, हे पाहून गंमत वाटेल.

क्रमांकाआधी ‘ईडी’ असेल तर तो अहवाल, प्रबंध वगैरे असतो आणि त्याची पीडीएफ अनेकदा तिथेच मिळते. ‘ईजे’ म्हणजे नियतकालिकातला लेख. त्याचा बहुधा फक्त सारांश दिसतो. पूर्ण मजकूरच हवा असेल तर ‘फुल टेक्स्ट’च्या चौकटीत खूण करा.

जातीचा प्रश्न केंद्रस्थानी असेल तर एरिक अपुरे पडेल. तेव्हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ उघडा. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध तिथे प्रकरणवार मिळतात, मराठीतलेही. ‘ऊसतोड’ आणि ‘ऊसतोडणी’ अशी दोन्ही रूपे टाकून पाहा. संबंधित साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण आधी वाचा, त्यात पुढच्या वाचनाची यादी आयतीच मिळते.

उपयोगी पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या खर्चकपातीचा फटका एरिकलाही बसला आहे.