खनिज पुडीतल्या कणांचे मोजमाप

धातुक पुरेसा कुटला नाही, तर त्यातले धातूचे कण दगडातून मोकळे होत नाहीत. फार बारीक कुटला, तर तेच कण धुताना पाण्याबरोबर वाहून जातात. त्यामुळे पुडीचा बारीकपणा पाहण्याची गरज खाणकामात फार जुनी आहे. गेऑर्ग अग्रिकोला यांच्या १५५६ मध्ये बाझेलला छापलेल्या ‘दे रे मेतालिका’ या ग्रंथात कुटण्याच्या यंत्रांबरोबर चाळण्यांचीही चित्रे आहेत. मात्र तेव्हाची चाळणी निवडण्यासाठी होती, मोजण्यासाठी नव्हे. सर्वांनी मानलेले भोकाचे माप नसल्याने एका खाणीतली बारीक पूड दुसरीकडे जाडी ठरू शके.

ही उणीव भरून काढणारा विचार पेटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन खाण अभियंत्याने १८६७ मध्ये मांडला. चाळण्या उतरंडीने लावाव्यात आणि प्रत्येक वरच्या चाळणीचे भोक खालच्याच्या सुमारे १.४१ पट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने दुप्पट असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या टायलर कंपनीने याच गुणोत्तरावर तारेच्या चाळण्या तयार केल्या. त्यांतल्या २०० मेशच्या चाळणीत एका इंचात २०० भोके बसतात आणि तारेची जाडी वजा जाता प्रत्येक भोक ७४ मायक्रॉनचे उरते. आता प्रत्येक चाळणीवर राहिलेली पूड तोलून कणांचे वितरण आकड्यांत मांडता येऊ लागले.

पण विणलेली चाळणी ४० मायक्रॉनच्या आसपास थकते. त्याखालच्या कणांसाठी पाणी कामी आले. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये द्रवातून संथपणे पडणाऱ्या गोळ्याचा नियम दिला: वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० मायक्रॉनचा गारेचा कण पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला पाचेक मिनिटे घेतो. २ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ आठ तास लागतात. स्वीडनच्या अल्बर्ट अटरबर्ग यांनी मातीचे वर्गीकरण याच निवळण्यावर आधारले. पुढे १९३० च्या सुमारास डेन्मार्कच्या आंद्रेआसेन यांचे पिपेट आले. ठरलेल्या खोलीवरून, ठरलेल्या वेळी थोडे गढूळ पाणी ओढून घ्यायचे, वाळवायचे आणि उरलेला गाळ तोलायचा. साधने साधी, पण तापमान सांभाळणे आणि कणांच्या गुठळ्या फोडणे यांत खरे कसब होते.

स्टोक्सचा नियम गोळ्याचा आहे, खनिजाचे कण मात्र क्वचितच गोल असतात. पापुद्र्यासारखा केओलिनचा कण हेलकावत सावकाश उतरतो, म्हणून त्याचा व्यास प्रत्यक्ष रुंदीपेक्षा लहान निघतो. कणाला एकच ‘खरा’ व्यास नसतो ही जाणीव या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

१९४३ मध्ये ब्लेन यांनी अमेरिकेत सिमेंटच्या थरातून हवा जायला लागणाऱ्या वेळावरून पृष्ठफळ काढण्याचे उपकरण दिले. ते झटपट होते, पण त्यातून वितरण कळत नसे. वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालेले, मुळात रक्तपेशींच्या मोजणीसाठी वापरात आलेले साधन खनिज पुडीलाही लागू पडले: बारीक छिद्रातून जाणारा प्रत्येक कण विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून त्याचे घनफळ समजते.

१९७० च्या दशकापासून लेझर विवर्तनाची उपकरणे रुळली. लहान कण प्रकाश मोठ्या कोनात फेकतो, मोठा कण लहान कोनात. या नक्षीवरून गणिताने वितरण काढतात. त्यामागे गुस्टाफ मी यांचा १९०८ चा सिद्धांत आहे. पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आले. तासांचे काम मिनिटांवर आले, तरी केओलिनचे पापुद्रे लेझरला निवळण्याच्या पद्धतीपेक्षा मोठे दिसतात. म्हणून कागदासाठी लागणाऱ्या केओलिनची प्रत ठरवताना २ मायक्रॉनखालचे शेकडा प्रमाण कोणत्या पद्धतीने काढले, हेही सांगावे लागते.