सेवायोजन कार्यालये : नोंदणी आणि नेमणूक

भारतातील सेवायोजन कार्यालयांचा उगम युद्धोत्तर पुनर्वसनात आहे. सैन्यातून मुक्त झालेल्यांना नागरी काम मिळावे म्हणून जुलै १९४५ मध्ये ही व्यवस्था उभारण्यात आली. फाळणीनंतर निर्वासितांचा भार तिच्यावर पडला आणि १९४८ च्या आरंभी ती सर्वांस खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. पुढे १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच दिवशी, अमलात आला.

या कायद्यान्वये २५ वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवरही रिक्त जागा कळविण्याचे बंधन आले. मात्र कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमण्याचे बंधन चौथ्या कलमाने स्पष्टपणे नाकारले. मालकाचे निवडस्वातंत्र्य राखण्याचा हा हेतू गैर म्हणता येणार नाही. परंतु त्यामुळे नोंदणी केलेल्या तरुणाच्या पदरी क्रमांक पडला, कामाची शाश्वती नव्हे. जागांची माहिती कायद्याने मिळविता येते. स्थानिक मालकाची गरज आणि तरुणाचे कौशल्य यांची सांगड मात्र केवळ नोंदवहीने घातली जात नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.