पानाचे गुपित

पेडणे तालुक्यातील पार्से गावी एकदा मी मुलांना हिरवे पान दाखवून ते उन्हावर आपले अन्न कसे तयार करते, हे सांगत होतो. तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, पानालाही रंग आणि माझ्या ओढणीलाही रंग. मग पान उन्हात वाढते आणि ओढणी मात्र विटते, असे का?” प्रश्न साधा खरा, परंतु त्याच्या उत्तरामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, आणि त्या प्रकाशाकडून कामही करवून घेता येते, हे बर्लिनच्या फोगेल यांनी १८७३ सालीच दाखविले होते. छायाचित्राच्या काचेवर विशिष्ट रंग मिसळताच, एरव्ही तिला न दिसणारा प्रकाश तिला दिसू लागला. पुढे १९१२ साली इटलीचे रसायनशास्त्रज्ञ चामिचान यांनी न्यूयॉर्क येथील भाषणात कोळशाच्या संपत जाणाऱ्या साठ्याकडे बोट दाखविले, आणि वनस्पतींची ही विद्या माणसाने शिकावी, असे आवाहन केले.

विद्या मात्र सोपी नव्हती. प्रकाश पडताच रंगाच्या रेणूतील एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. पण क्षणार्धात तो खाली येतो आणि मिळालेली ऊर्जा बहुधा उष्णता होऊन जाते. ओढणीचे होते ते हेच. यावर उपाय म्हणून, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रसायनज्ञांनी पॉर्फिरिन या हरितद्रव्याच्या नातलग रंगाला क्विनोन नावाचा रेणू जोडला. वर चढलेला इलेक्ट्रॉन क्विनोनने उचलला; एकीकडे धन आणि दुसरीकडे ऋण असे विद्युत्भार वेगळे झाले. परंतु दोघे शेजारीच असल्यामुळे इलेक्ट्रॉन लागलीच घरी परतला!

आपल्या खाजनातील मानस आठवा. ओहोटीला ती आतले पाणी बाहेर जाऊ देते, आणि भरतीचे पाणी येऊ लागले की तिचे दार आपोआप मिटते. इलेक्ट्रॉनाच्या वाटेवर असेच दार हवे होते. १९८४ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे गस्ट आणि मूर दांपत्य यांनी सहकाऱ्यांसह ते बसविले. पॉर्फिरिनच्या दुसऱ्या अंगाला त्यांनी कॅरोटीनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातील रेणू, जोडला. पॉर्फिरिनचा इलेक्ट्रॉन क्विनोनकडे जाताच कॅरोटीनॉइडने आपला इलेक्ट्रॉन देऊन ती उणीव भरून काढली. आता दोन भार रेणूच्या दोन टोकांना गेले, आणि सेकंदाच्या अब्जांशातही न टिकणारी ही ताटातूट दशलक्षांश सेकंदाच्या घरात टिकू लागली. रेणूच्या जगात एवढा अवकाश पुष्कळ झाला.

यामागील गणित रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडले होते. उतार जितका मोठा तितकी उडी वेगवान, हा आपला समज. परंतु एका मर्यादेपलीकडे उतार वाढला, तर उडी उलट मंदावते, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळांना ते पटेना. शेवटी १९८४ सालीच मिलर व क्लॉस यांनी जोडलेल्या रेणूंवर प्रयोग करून ते खरे ठरविले. मार्कस यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गाची युक्तीही याच सुमारास उघडी पडली. डायझेनहोफर, मिकेल आणि हुबर यांनी एका प्रकाशजीवी जीवाणूतील केंद्राची रचना उलगडली. तेथेही इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने दूर नेला जातो, असे दिसले. १९८८ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओरेगन व ग्रेट्झेल यांनी टायटेनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीवर रंग चढवून सुमारे सात टक्के क्षमतेचा वीजघट बनविला. मुंबई विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले प्रशांत कामत यांनीही अमेरिकेत याच विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

तथापि, पानासारखे स्वस्त, टिकाऊ आणि उन्हापासून थेट इंधन देणारे साधन अद्याप माणसाच्या हाती आलेले नाही. प्रयोगशाळेतील रंग अखेर ओढणीप्रमाणेच विटतात. पान मात्र आपल्या प्रकाशयंत्राचे झिजलेले भाग रोज बदलत असते. त्या मुलीला मी एवढेच सांगितले, “बाळ, पानाला रंगाबरोबर शेजारीही लाभले आहेत, घेतलेले ऊन ते एकट्याने सांभाळत नाही.” पुढचे उत्तर तिच्याच पिढीने द्यायचे आहे.