सुरतेचा प्लेग आणि स्वस्त कॅप्सूलची किंमत

सुरतेच्या लुटीचा विषय निघाला की १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्या घरांतून सहज उच्चारली जातात. १९९४ सालाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. वास्तविक त्या वर्षी या शहराची जी आर्थिक हानी झाली, तिला ना घोडदळ लागले ना तलवार.

१९९४ च्या सप्टेंबरात तापीच्या पुराचे पाणी ओसरले होते आणि गणेशोत्सव नुकताच आटोपला होता. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड परिसरातून तीव्र ताप आणि रक्तमिश्रित खोकल्याचे रुग्ण नव्या सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले. त्याआधी ऑगस्टमध्ये मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी, गाठीच्या प्लेगची वार्ता आलीच होती. 'फुप्फुसाचा प्लेग' हे शब्द बाहेर पडताच पंधरा लाख वस्तीच्या या शहरातून अवघ्या काही दिवसांत काही लाख माणसे निघून गेली. यंत्रमागावर आणि हिऱ्याच्या घंटीवर बसणारे खानदेशी, ओडिया आणि सौराष्ट्री कामगार मिळेल त्या गाडीने गावी परतले. अनेक खाजगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलपे लावली. ही साथ प्लेगचीच होती काय, यावर पुढे विद्वानांत वाद झाला. केंद्र सरकारने नेमलेल्या रामलिंगस्वामी समितीने ती प्लेगचीच मानली.

मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. एवढ्या भयंकर नावाच्या रोगाला ही संख्या थोडी म्हणावी लागेल. तिचे मोठे श्रेय टेट्रासायक्लिनला आहे. कॅप्सूल साधी, जुनी आणि काही पैशांत मिळणारी. औषधांच्या दुकानांतून ती दोन दिवसांत नाहीशी झाली. मग सरकारने बाहेरून साठा आणून वाटप केले. ज्याला रोग नाही त्यानेही खाल्ली, कुणी दोन दिवस, कुणी पाच. चिठ्ठी कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. त्या दिवसांत आम्ही शासकीय सेवेत होतो. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना तेव्हा एकच चिंता होती, साठा पुरेल की नाही. औषध लागू पडेल की नाही, ही शंका आमच्या मनाला शिवलीही नाही.

ती शंका किती जवळ होती, हे नंतर कळले. १९९५ साली मादागास्कर बेटावर प्लेगच्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या शरीरातून जो जिवाणू वेगळा काढण्यात आला, तो स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या तिन्ही प्रमुख औषधांना दाद देत नव्हता. मुलगा सुदैवाने बचावला. परंतु शास्त्रज्ञांना अधिक धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. प्रतिकाराची ही शक्ती जनुकांच्या अशा एका तुकड्यावर होती, जो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सुरतेच्या साथीत आणि त्या मुलाच्या आजारात अंतर होते ते जेमतेम एका वर्षाचे.

औषध लागू पडत असतानाही सुरतेच्या प्लेगचा देशाला पडलेला भुर्दंड पुढील अभ्यासकांनी पावणेदोनशे ते दोनशे कोटी डॉलरच्या घरात धरला आहे. विमाने बंद झाली, काही देशांनी भारतीय माल अडवला, पर्यटक परतले. औषध लागू पडले नसते तर हा आकडा कोठे गेला असता, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

आज तो हिशेब साथीविनाच, रुग्णालयांच्या खाटांवर रोज चालू आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तेव्हा पेनिसिलिन गोरगरिबांच्या आवाक्यात येणार, हा केवढा आनंद होता! २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेम या राखीव औषधालाही न जुमानणारे चोवीस जिवाणू तपासले. त्यांतील बावीसांत एनडीएम-१ हे विकर निर्माण करणारे जनुक आढळले. नावात नवी दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे रोष झाला, तो एका अर्थी स्वाभाविकही होता; पण रोषाने जिवाणू हटत नाही. मग डॉक्टरांना कोलिस्टिनकडे वळावे लागले. मूत्रपिंडास अपायकारक म्हणून १९७० च्या दशकात जवळजवळ अडगळीत टाकलेले हे औषध.

शस्त्रक्रियेची जखम साध्या औषधाने बरी झाली तर रुग्ण आठवड्यात घरी जातो. जिवाणू हट्टी निघाला, तर प्रथम तपासणीच्या अहवालासाठी दोनतीन दिवस, मग शिरेतून दिली जाणारी महाग इंजेक्शने, मग अतिदक्षता विभाग, आणि मूत्रपिंड बिघडले तर डायलिसिस. खाट अडते ती निराळीच. तिच्यासाठी दुसरा रुग्ण ताटकळतो. सरकारी तक्त्यात हे सारे 'औषधे' आणि 'आस्थापना' या रकान्यांत विरून जाते. लिंबायत-उधन्याकडच्या यंत्रमाग कामगाराच्या घरात मात्र ते विरत नाही. रुग्णाची मजुरी बुडते, उशाशी बसणाऱ्याचीही बुडते, कारण मागावरचे काम नगावर असते. मग मंगळसूत्र गहाण पडते, नंतर गावाकडच्या जमिनीच्या तुकड्यावर सावकाराची नजर जाते. जागतिक बँकेने २०१७ साली वर्तवले की हा प्रतिकार असाच वाढला तर २०५० पर्यंत जगाचे वार्षिक उत्पन्न १.१ ते ३.८ टक्क्यांनी घटेल. टक्क्यांची ही भाषा आम्ही आयुष्यभर वापरली. तिच्यात ते मंगळसूत्र कोठेच दिसत नाही.

१९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, त्यांनी कचरा, गटारे आणि खानावळी यांना शिस्त लावली आणि १९९६ साली सुरत देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून गौरविले गेले. ही कथा आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. तिच्यात एक गोष्ट सहसा सुटते. स्वच्छ गटारामुळे जी अतिसाराची आणि विषमज्वराची आजारपणे टळली, त्यांच्यासाठी लागणाऱ्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही वाचल्या. औषधविक्रीच्या बाजूने पाऊल पडावयास मात्र मार्च २०१४ उजाडले. तेव्हा 'एच-१' या अनुसूचीनुसार चोवीस प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारास बंधनकारक झाले. त्या नोंदवहीत डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली मात्रा लिहावी लागते, आणि ती तीन वर्षे जपावी लागते.